मराठीच्या आधाराने इंग्रजी

मराठी शाळेत शिकलेला, नोकरीला लागलेला किंवा नोकरी शोधणारा माणूस ‘मला इंग्रजी येत नाही’ म्हणतो तेव्हा ते सहसा पूर्ण खरं नसतं. त्याला बँकेचा फॉर्म वाचता येतो, मोबाइलमधल्या सूचना कळतात, साहेबांचा ई-मेल दोनदा वाचला की अर्थ लागतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं, त्याआधी मराठी माध्यमात ते पाचवीपासून सुरू होई. म्हणजे आज पंचविशीत असो की पंचेचाळिशीत, प्रत्येकाच्या डोक्यात शेकडो इंग्रजी शब्द आणि थोडंबहुत व्याकरण पडून आहे. ते बोलायच्या वेळी हाताशी येत नाही, ही खरी अडचण. हा लेख अशाच माणसासाठी आहे.

अशा माणसाला पहिला सल्ला मिळतो तो ‘इंग्रजीतूनच विचार कर’ असा. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्याच्याजवळ इंग्रजी वाक्यंच पुरेशी नाहीत त्याने विचार करायचा कशातून? तो बिचारा गप्प बसतो. माझं म्हणणं वेगळं आहे. मोठ्या वयात इंग्रजी शिकताना आपली मराठी बाजूला ठेवायची गरज नाही. उलट ती नीट समोर मांडावी. जिथं दोन्ही भाषा सारख्या चालतात तिथं वेळ घालवू नये, आणि जिथं त्या वेगळ्या वाटेने जातात तिथं थांबून सराव करावा. आपल्या चुका अंदाधुंद नसतात. त्या ठरलेल्या दहा-बारा जागी होतात, आणि त्यातल्या बहुतेक जागी मराठीचा नियम इंग्रजीत नकळत आलेला असतो. त्या जागा माहीत झाल्या की अर्धं काम झालं.

आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, इंग्रजीचं पुन्हा मराठी करायचं, अशी ती रीत. आज तिला जुनाट म्हणतात. पण दोन भाषांची वाक्यं शेजारी ठेवून पाहायची तिची सवय मला मोलाची वाटते. तिच्यात उणीव एकच होती, की सगळं वहीत घडायचं. तोंडाने बोलणं राहून जायचं. तेवढी उणीव भरून काढली तर ही रीत आजही उपयोगाची आहे.

सुरुवात काळांपासून करू, कारण सगळ्यात जास्त भीती त्यांचीच असते. शाळेत बारा घरांचा तक्ता पाठ करून घेतात. प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसचं सूत्र धडाधड सांगणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ‘तुम्ही इथं किती दिवसांपासून काम करताय?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर देताना तीच अडखळतात. बारा घरं एकदम भरायची गरजच नाही. रोजच्या बोलण्यात पाच-सहा रूपांवर बहुतेक सगळं निभावतं, आणि त्यातली बरीचशी मराठीत आपण अचूक वापरतोच.

‘मी चहा पितो’ आणि ‘मी चहा पितोय’ यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. पहिली सवय, दुसरी आत्ता चाललेली क्रिया. इंग्रजीतही तेच: ‘आय ड्रिंक टी’ आणि ‘आय ॲम ड्रिंकिंग टी’. इथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. पुढे एक फाटा फुटतो. मराठीत आपण ‘मला कळत नाहीये’, ‘मला आठवत नाहीये’ असं सहज म्हणतो, म्हणून तोंडातून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ निघतं. इंग्रजीत जाणणं, समजणं, आवडणं, हवं असणं, आठवणं, मालकी असणं या गोष्टी चालू क्रिया मानत नाहीत. ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ‘आय डोन्ट रिमेम्बर’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’ एवढंच म्हणायचं. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य मुलाखतीच्या खोलीत फार ऐकू येतं. मात्र ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर आहे, कारण तिथं हॅव म्हणजे जेवणं, आणि जेवण ही चालू क्रिया आहे.

आता ‘मी जेवलो’ आणि ‘मी जेवलोय’. पाहुण्यांच्या घरी कुणी ताट वाढायला लागलं की आपण म्हणतो, ‘नको, मी जेवलोय.’ जेवण होऊन गेलं, पण त्याचा संबंध आत्ताशी आहे, म्हणून तो शेवटचा ‘य’ येतो. इंग्रजीतलं ‘आय हॅव ईटन’ हेच सांगतं. म्हणून ज्याला प्रेझेंट परफेक्ट समजत नाही त्याने आधी मराठीतली ‘आलोय, केलंय, पाहिलंय, पाठवलंय’ ही रूपं आठवावीत. ‘मेल पाठवलाय’ म्हणजे ‘आय हॅव सेन्ट द मेल’. ‘काल पाठवला’ म्हणजे ‘आय सेन्ट इट येस्टरडे’. एक नियम तेवढा घट्ट धरा: काल, परवा, गेल्या महिन्यात, २०१९ साली अशी होऊन गेलेली ठरावीक वेळ वाक्यात आली की हॅव येत नाही. आणि ‘ती पुण्याला गेलीय’ आणि ‘ती पुण्याला जाऊन आलीय’ हा फरकही इंग्रजी पाळते. पहिलं ‘शी हॅज गॉन टू पुणे’, ती अजून तिकडेच आहे. दुसरं ‘शी हॅज बीन टू पुणे’, ती परतली. बीन आणि गॉनमध्ये गोंधळणाऱ्याने ‘जाऊन आलीय’ हे शब्द लक्षात ठेवले की पुरे.

इथून पुढे तीन जागा अशा आहेत की जिथं मराठी आपल्याला हमखास चुकवते.

पहिली जागा ‘होतो, होता, होती’ची. मराठीत ‘मी काल त्याला भेटलो होतो’ हे अगदी स्वाभाविक वाक्य. त्याचं ‘आय हॅड मेट हिम येस्टरडे’ होतं आणि चुकतं. इंग्रजीत सुटं वाक्य असेल तर साधा भूतकाळच हवा: ‘आय मेट हिम येस्टरडे’. हॅड यायला भूतकाळातल्या दोन घटना लागतात, आणि त्यातली आधीची हॅड घेते. ‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’, ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’. समोर दुसरी घटना नसेल तर हॅडला हात लावू नका. कार्यालयातली पत्रं आणि ई-मेल वाचताना ही चूक मला सर्वांत जास्त दिसते.

दुसरी जागा ‘पासून’ची. ‘मी इथं पाच वर्षांपासून काम करतोय’ यात मराठी क्रियापद वर्तमानकाळातलं आहे, म्हणून आपण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतो. यात दोन चुका एकदम होतात. मागे सुरू होऊन आजवर चाललेली गोष्ट सांगायला ‘आय हॅव बीन वर्किंग’ लागतं. आणि मराठीचं एकच ‘पासून’ इंग्रजीत दोन ठिकाणी वाटलं जातं. किती काळ, हे सांगायचं तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’. कधीपासून, हे सांगायचं तर ‘सिन्स २०२०’, ‘सिन्स मंडे’. नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत हा प्रश्न येतो. आपलं हे एक वाक्य, आपल्या वर्षांसकट, आजच तयार करून शंभरदा मोठ्याने म्हणा.

तिसरी जागा भविष्याची. मराठीत भविष्य सांगायला आपण भूतकाळ वापरतो हे आपल्या ध्यानातही येत नाही. आईने हाक मारली की जागचं न हलता आपण ‘आलो!’ म्हणतो. इंग्रजीत तिथं ‘कमिंग!’ आहे. ‘तो आला की सांगतो’, ‘पाऊस आला तर सामना होणार नाही’ या वाक्यांत ‘आला’ हा शब्द न घडलेल्या गोष्टीसाठी आलाय. इंग्रजी अशा ठिकाणी साधा वर्तमान वापरते: ‘आय विल टेल यू व्हेन ही कम्स’, ‘इफ इट रेन्स, देअर विल बी नो मॅच’. व्हेन आणि इफच्या तुकड्यात विल घालण्याचा मोह आवरला की हे वाक्य नीट येतं. ‘उद्या येतो’ मात्र सरळ जमतं, ‘आय ॲम कमिंग टुमॉरो’. ठरलेली गोष्ट दोन्ही भाषांत वर्तमानातच सांगतात.

या सगळ्याचा सराव पुस्तकातल्या राम आणि सीतेच्या वाक्यांवर करू नका. स्वतःच्या कामातलं एक क्रियापद घ्या आणि ते पाचही रूपांत फिरवा. समजा एखादी परिचारिका आहे. तिची वाक्यं अशी होतील. ‘आय गिव्ह इंजेक्शन्स एव्हरी मॉर्निंग’, रोजचं काम. ‘आय ॲम गिव्हिंग हिम ॲन इंजेक्शन’, आत्ता हातात सिरिंज आहे. ‘आय हॅव गिव्हन हिम द इंजेक्शन’, झालंय, पुन्हा देऊ नका. ‘आय गेव्ह इट ॲट सिक्स’, कधी दिलं. ‘आय विल गिव्ह द नेक्स्ट वन ॲट टू’, पुढचं कधी. पाळी बदलताना डॉक्टर परराज्यातले असतील तर या पाच वाक्यांवर रुग्णाचं औषध अवलंबून असतं. इतक्या गरजेची वाक्यं लवकर पाठ होतात. ट्रकचालकाने ड्राइव्ह घ्यावं, दुकानदाराने सेल, हिशेब लिहिणाऱ्याने चेक, फिटरने रिपेअर. रोज एक क्रियापद, पाच वाक्यं, मोठ्याने.

क्रियापदांची दुसरी-तिसरी रूपं, म्हणजे गो-वेंट-गॉन, गिव्ह-गेव्ह-गिव्हन, ही मात्र पाठांतराचीच गोष्ट आहे. रोज लागणारी अशी पन्नास-साठच आहेत. पाढ्यांसारखी चालीत म्हणून टाकावीत.

काळानंतरचा मोठा अडथळा प्रश्नांचा. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडलं की प्रश्न तयार. ‘तू गेलास’, ‘तू गेलास का?’ क्रियापदाला धक्का लागत नाही. इंग्रजीत डू, डज, डिड यांना पुढे आणावं लागतं, आणि ते आले की मुख्य क्रियापद आपल्या मूळ रूपात परत जातं. काळ डिडने उचलला, मग वेंटने पुन्हा उचलायचा नाही. म्हणून ‘डिड यू वेंट?’ नाही, ‘डिड यू गो?’ तसंच नकारात ‘आय डिडन्ट गो’. ‘शी वर्क्स’मधला एसही असाच डजमध्ये निघून जातो, ‘डज शी वर्क हिअर?’ गंमत म्हणजे प्रश्नाच्या पोटात प्रश्न असेल तर ही उलटापालट थांबते. ‘व्हेअर इज द ऑफिस?’ बरोबर, पण ‘कॅन यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज?’ इथं इज शेवटी जातो. आठवडाभर फक्त प्रश्न विचारायचा सराव करा. आपल्याकडचे विद्यार्थी उत्तरं देऊ शकतात पण प्रश्न विचारू शकत नाहीत, कारण वर्गात प्रश्न नेहमी शिक्षकच विचारतात.

आणखी एक जागा आहे आणि ती खास आपली आहे. मराठीत कितीतरी गोष्टी ‘मला’ने सुरू होतात. मला भूक लागलीय, मला आवडतं, मला पोहता येतं, मला जायचंय, मला जावं लागेल, मला ताप आहे, मला दोन मुली आहेत. या सगळ्या ‘मला’चा इंग्रजीत ‘आय’ होतो, आणि पुढचं क्रियापद दर वेळी बदलतं: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय लाइक इट’, ‘आय कॅन स्विम’, ‘आय वॉन्ट टू गो’, ‘आय हॅव टू गो’, ‘आय हॅव अ फीवर’, ‘आय हॅव टू डॉटर्स’. एका वहीत ‘मला’ने सुरू होणारी आपली तीस वाक्यं लिहून समोर इंग्रजी लिहा. शरीराचं, मनाचं, इच्छेचं, सक्तीचं बोलणं जवळजवळ सगळं यात येतं. कुठल्याही तयार पुस्तकात हे पान नसतं, म्हणून ते आपणच करायचं.

ए, ॲन, द यांच्यावर सुरुवातीला फार जीव काढू नका. ते वाचून आणि ऐकून हळूहळू बसतात, आणि तिथं चूक झाली तरी समोरच्याला अर्थ कळतो. शब्दयोगी अव्ययांत तीन-चार चुका तेवढ्या सुधारा. ‘त्याने मला विचारलं’ यातल्या ‘ला’मुळे आपण ‘ही आस्क्ड टू मी’ म्हणतो, तो टू नको. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको. आणि लग्न ‘विथ’ होत नाही, ‘शी इज मॅरीड टू अ टीचर’.

आता शब्दसंग्रह. इथं मला कळकळीने सांगायचंय की शब्दकोश पाठ करायला घेऊ नका. इंग्रजीच्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशात सहा लाखांच्या घरात शब्द आहेत, पण बोलण्याला लागणारे शब्द त्या मानाने अगदी थोडे. १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन या इंग्रज अभ्यासकाने ८५० शब्दांत व्यवहार भागवणारी इंग्रजी मांडून दाखवली होती. पुढे मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली, तिला जनरल सर्व्हिस लिस्ट म्हणतात. हे वेस्ट पूर्वी बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षणखात्यात काम करत होते आणि भारतीय मुलं इंग्रजी कशी शिकतात हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. सर्वसाधारण मजकुरातले बहुतेक शब्द या दोन हजारांतच येतात. मराठी बोलताना आपण टेबल, पेपर, टाइम, चेंज, प्रॉब्लेम, रिपेअर असे कितीतरी इंग्रजी शब्द वापरतो. म्हणजे यातले काही शेकडो आपल्याजवळ आधीच आहेत.

अवघड शब्दांमागे लागण्यापेक्षा सोप्या शब्दांची संगत शिका. एक मराठी क्रियापद इंग्रजीत किती जागी विखुरतं हे ‘लावणे’वरून कळेल. दिवा लावला की ‘स्विच ऑन’, दार लावलं की ‘क्लोज’, गाडी लावली की ‘पार्क’, मलम लावलं की ‘अप्लाय’, रोप लावलं की ‘प्लान्ट’, क्लास लावला की ‘जॉइन’, वेळ लावला की ‘टेक टाइम’. यातला एकही शब्द कठीण नाही. पण ‘लावणे म्हणजे काय’ असं कोशात शोधणाऱ्याला कधीच बोलता येणार नाही. ‘काढणे’, ‘घेणे’, ‘बसणे’, ‘सोडणे’ यांचंही असंच करून पाहा. इंग्रजीकडूनही हाच खेळ होतो. गेट, टेक, पुट, गो, मेक या छोट्या क्रियापदांना अप, आउट, ऑन, ऑफ जोडून शेकडो अर्थ होतात: ‘गेट अप’, ‘गेट ऑफ’, ‘टेक ऑफ’, ‘पुट ऑन’. बोलीभाषा यांच्यावरच चालते. म्हणून शब्द कधीही एकटा लिहू नका. ‘मिस्टेक म्हणजे चूक’ असं न लिहिता ‘मेक अ मिस्टेक’ लिहा, आणि त्याखाली आपल्या आयुष्यातलं एक वाक्य.

लिहिलेलं विसरलं जाणारच. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की नवं पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. उपाय त्यातच आहे. विसरायच्या बेतात असताना पुन्हा पाहायचं. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७०च्या दशकात त्यासाठी खोक्यांची युक्ती लोकप्रिय केली. पुठ्ठ्याचे छोटे तुकडे करा, एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. तीन-चार खोकी ठेवा. पहिलं रोज काढायचं, दुसरं दोन-तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने. मराठी बाजू पाहून इंग्रजी वाक्य बरोबर आलं तर तो तुकडा पुढच्या खोक्यात, चुकलं तर परत पहिल्यात. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे या कामाला उत्तम. मोबाइलवरही अशी ॲप मिळतात, पण हाताने लिहिलेलं जास्त टिकतं असा माझा अनुभव आहे. दिवसाला पाच-सात नव्या वाक्यांपेक्षा जास्त घेऊ नका.

बोलण्याकडे येताना एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे क्लासमध्ये क्वचितच लक्ष दिलं जातं. मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘फॉर्म द्या’ म्हटलं की ‘द्या’मध्ये मान आला, वेगळं काही लागत नाही. त्याचं ‘गिव्ह मी द फॉर्म’ झालं की तो मान गळून पडतो आणि फक्त हुकूम उरतो. बोलणारा सभ्य, ऐकणाऱ्याला मात्र उद्धट वाटतो. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण असं काही नाही, सगळ्यांना ‘यू’. आदर दाखवायला ती ‘कुड’, ‘वुड’, ‘मे’ आणि ‘प्लीज’ वापरते, आणि हुकमाऐवजी प्रश्न करते. ‘कुड आय हॅव द फॉर्म, प्लीज?’ ‘कुड यू साइन हिअर?’ ‘वुड यू लाइक सम वॉटर?’ रजा मागताना ‘आय वॉन्ट लीव्ह’ न म्हणता ‘कुड आय टेक लीव्ह ऑन फ्रायडे?’ म्हणा. ओळख करून देताना ‘मायसेल्फ अमुक’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ‘आय ॲम अमुक’ एवढं साधं म्हणणंच बरोबर आहे.

अडकल्यावर सोडवणारी काही वाक्यं जिभेवर असू द्या. समजलं नाही तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ फार भरभर बोलत असतील तर ‘कुड यू स्पीक अ लिटल स्लोअर, प्लीज?’ शब्द आठवेना तर वस्तू दाखवून ‘व्हॉट डू यू कॉल धिस?’ विचार करायला वेळ हवा तर ‘लेट मी थिंक’. ही चार वाक्यं जवळ असली की संभाषण तुटत नाही, आणि न समजता ‘यस, यस’ म्हणत मान हलवण्याची वेळ येत नाही.

आकड्यांचाही सराव हवा. सव्वादहा म्हणजे ‘क्वार्टर पास्ट टेन’, साडेदहा ‘हाफ पास्ट टेन’, पावणेअकरा ‘क्वार्टर टू इलेव्हन’. दीड आणि अडीचला स्वतंत्र शब्द नाहीत, ‘वन अँड अ हाफ’, ‘टू अँड अ हाफ’ म्हणायचं. परदेशी ग्राहकाशी बोलताना लाख-कोटी चालत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. हे फोनवर पटकन सांगता आलं पाहिजे.

उच्चारात साहेबी थाट आणायची गरज नाही. आपल्या मराठी वळणाची इंग्रजी जगाला कळते. दोन-तीन गोष्टी सांभाळा. ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’ यांत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. मराठी बोलताना आपण हा फरक फारसा पाळत नाही, इंग्रजीत पाळावा लागतो. दुसरं, इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर असतो आणि बाकीची दबतात. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर. जोर चुकला की ओळखीचा शब्दही समोरच्याला ओळखू येत नाही. हे ऐकूनच जमतं. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम इंटरनेटवर फुकट आहे, लिखित मजकुरासकट. एक भाग निवडा, एक वाक्य ऐका, थांबवा, तसंच म्हणा. आठवडाभर एकच भाग पुरे. रोज नवा ऐकून काही हाती लागत नाही.

पुस्तकांत रेमंड मर्फी यांचं लाल मुखपृष्ठाचं ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’ स्वतः शिकणाऱ्याला सर्वांत सोयीचं. डाव्या पानावर समजावणं, उजव्या पानावर सराव. घेताना उत्तरं असलेली आवृत्ती घ्या. कोश मात्र शिकणाऱ्यांसाठी केलेला वापरा. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी जो कोश तयार केला आणि जो तिथं १९४२ मध्ये छापला गेला, त्यातूनच आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी आली. सोप्या शब्दांत अर्थ आणि भरपूर उदाहरणं हे तिचं वैशिष्ट्य. इंटरनेटवर ती फुकट पाहता येते आणि उच्चारही ऐकू येतो.

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ अशी जाहिरात करणाऱ्यांना हजारो रुपये देण्याआधी एकच गोष्ट विचारा: तासाभरात प्रत्येक विद्यार्थी किती मिनिटं बोलतो? चाळीस जणांच्या वर्गात उत्तर एक-दीड मिनिट असेल, तर ते पैसे वाचवा. त्याऐवजी आपल्यासारखाच एक सोबती शोधा आणि रोज रात्री फोनवर दहा मिनिटं ठरवून इंग्रजीतच बोला. आज काय केलं, उद्या काय करणार, बाजारात भाव काय होते, यापलीकडे विषयाची गरज नाही. कधी आपलंच बोलणं मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करून ऐका. ‘सिन्स’, ‘हॅड’ आणि ‘डिड’च्या चुका आपल्यालाच ऐकू येतात.

आणि ज्यांना इंग्रजी येतं त्यांना एक कळकळीची विनंती. घरात, कार्यालयात, ग्राहकासमोर कुणी चाचपडत इंग्रजी बोलत असेल तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. मध्येच शब्द पुरवू नका, इतरांसमोर चूक दाखवू नका, आणि हसू तर मुळीच नका. चांगली तयारी असलेली किती तरी मुलं एका हशाने वर्षानुवर्षं गप्प झालेली मी पाहिली आहेत. सुधारायचंच असेल तर नंतर, एकट्याला, एकच चूक सांगा.